९११ ला फोन लावल्यावर पलीकडे नेमकं काय चालतं?

मोगरा_सिएटल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आमच्या घरी सासऱ्यांचं हृदय बंद पडलं. बाबा ७१ वर्षांचे, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीतल्या समामिशला राहतो. नवरा लेकीला पोहायला घेऊन गेला होता. घरात मी, आई आणि बाबा. चहा घेता घेता बाबा म्हणाले, छातीत जळजळतंय. आई म्हणाल्या, काल वडे झालेत ना, पित्त असेल, आलं-लिंबू देते. त्या ओट्याकडे वळल्या आणि बाबा खुर्चीतून खाली घसरले.

मी ९११ लावला, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर. पलीकडच्या बाईंनी पहिलं काय विचारलं तर पत्ता. मी भडाभडा सांगायला लागले की सासरे पडलेत, भारतातून आलेत, बीपीची गोळी चालू आहे. त्यांनी मला मध्येच थांबवून पुन्हा पत्ताच विचारला. मी घर नंबर आणि ‘२२८ ॲव्हेन्यू’ एवढंच सांगितलं. “नॉर्थईस्ट की साउथईस्ट?” माझा आवाज चढला. इथे माणूस चाललाय आणि ही दिशा विचारतेय! मग म्हणाल्या, पत्ता अजून एकदा सांगा. नंतर: शुद्धीवर आहेत का? नाही. श्वास नेहमीसारखा चालू आहे का? मी म्हटलं, हो, चालू आहे, घोरल्यासारखा आवाज येतोय. त्या म्हणाल्या, त्यांनी श्वास घेतला की दर वेळी मला ‘आत्ता’ म्हणा. मी एकदा ‘आत्ता’ म्हटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा.

तेव्हा मी अक्षरशः ओरडले, “आधी गाडी पाठवा, प्रश्न नंतर विचारा!” त्यांचा आवाज जराही चढला नाही. म्हणाल्या, “गाडी निघालेली आहे. मी बोलतेय म्हणून ती थांबलेली नाही. आता फोन स्पीकरवर टाका आणि त्यांना जमिनीवर उताणं झोपवा.”

पुढे त्यांनी मला छातीच्या मधोमध तळहात ठेवायला लावला, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि मोजायला सुरुवात केली. वन टू थ्री फोर. मी थांबले की म्हणायच्या, थांबू नका, तुमच्याच हातांनी त्यांचं रक्त फिरतंय. आईंना दार उघडून बाहेर उभं राहायला सांगितलं. आधी आला तो आगीचा बंब. आई कासावीस होऊन मला विचारताहेत, अगं आग कुठे लागलीय? त्या लोकांनी बाबांना शॉक दिला. मागोमाग पॅरामेडिकची गाडी आली.

बाबा वाचले. स्टेंट पडला, आता घरी आहेत, बरगड्या अजून दुखतात.

पण माझ्या डोक्यातून ते फोनवरचं संभाषण जात नाही. मी त्या बाईंवर ओरडले याचं वाईट वाटतं. शिवाय नीट कळलेलं नाही की गाडी कधी निघते, इतके प्रश्न कशाला, बंब का येतो. कुणी जाणकार असेल तर सविस्तर सांगा. आपल्यापैकी बहुतेकांकडे आई-वडील येऊन-जाऊन असतात, सगळ्यांनाच उपयोग होईल.

केळफूल

वाचताना अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा. तुम्ही खूप धीराच्या आहात.

दूरदेशी

बाबा सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. प्रश्न अगदी योग्य विचारलात, मलाही बंबाचं कोडं आहे. आमच्या शेजारच्या आजी जिन्यात पडल्या तेव्हाही बंबच आला होता.

रात्रपाळी

मोगरा, आधी एक सांगते. ओरडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्यांच्या घरात माणूस पडलाय ते ओरडणारच. तुम्ही ओरडलात आणि तरी हात चालू ठेवलेत, पलीकडच्या बाईंना एवढंच हवं होतं.

मी गेली नऊ वर्षं मिडवेस्टमधल्या एका काउंटीच्या ९११ केंद्रात काम करते, बहुतेक रात्रीच. काउंटीचं नाव लिहीत नाही. मूळची मिरजेची. जमेल तसं टप्प्याटप्प्यानं लिहिते.

पहिली गोष्ट, अमेरिकेत ९११ म्हणून देशभराचं एकच केंद्र नाही. हजारो केंद्रं आहेत आणि बहुतेक काउंटी किंवा शहराच्या पातळीवर चालतात. तुमचा फोन कुठल्या केंद्राला जाईल हे मोबाइलच्या टॉवरवर ठरायचं, आता बऱ्याच ठिकाणी फोनच्या ठिकाणावरून ठरायला लागलंय. काउंटीच्या शिवेवर राहणाऱ्यांचा फोन शेजारच्या काउंटीत लागतो असं अजूनही होतं. मग तो फिरवून द्यावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतो, ‘कुठे’ हा असतो. लाइन तुटली आणि मला फक्त पत्ता मिळालेला असला तरी मी कुणाला तरी पाठवू शकते. नुसतं ‘सासरे पडलेत’ एवढंच हातात असेल तर कुणालाच पाठवू शकत नाही.

स्क्रीनवर नकाशा दिसतो, हे खरं. २०१८ पासून आयफोन आपलं ठिकाण बऱ्यापैकी नेमकं कळवतो, अँड्रॉइडलाही तशी सोय आहे. पण तो ठिपका इमारत दाखवतो, दार नाही. चार मजली अपार्टमेंटमध्ये तो ठिपका चारही मजल्यांचा असतो. म्हणून ठिपका समोर दिसत असतानाही आम्ही पत्ता तोंडी वदवून घेतो, आणि दोनदा. तुमच्या समामिशला २२८ ॲव्हेन्यू नॉर्थईस्टही आहे आणि साउथईस्टही. दिशा चुकली की बंब गावाच्या भलत्याच टोकाला जाऊन उभा राहतो. त्या बाईंनी तुमचा वेळ घालवला नाही, वाचवला.

दुसरी गोष्ट गाडीची. मोठ्या केंद्रात फोन घेणारी व्यक्ती आणि रेडिओवर गाड्या पाठवणारी व्यक्ती वेगवेगळी असते. मी कॉल-टेकर असले की तुमच्याशी बोलता बोलता टाइप करते. पत्ता आणि तक्रारीचा प्रकार भरला की तो कॉल पलीकडच्या टेबलावरच्या डिस्पॅचरच्या स्क्रीनवर उमटतो. ती टोन सोडते, स्टेशनमध्ये घंटी वाजते, माणसं गाडीत चढतात. तुम्ही मला अजून ‘बीपीची गोळी’ सांगत असता तेव्हा बंब बाहेर पडलेला असतो. मी नंतर जे टाइप करते ते गाडीतल्या स्क्रीनवर पोचत राहतं. छोट्या काउंटीत मात्र रात्री दोनच माणसं असतात आणि तीच फोन घेतात, तीच रेडिओ सांभाळतात. तिथेही हात थांबत नाही, कान दोन्हीकडे असतात.

शिफ्ट संपली, बाकीचं उद्या लिहिते.

विदा_विहारी

रात्रपाळी, वेळ काढून लिहिताय त्याबद्दल मनापासून आभार.

एक शंका. प्रश्नांची ही यादी ठरलेली असते, की प्रत्येकजण आपापल्या मनानं विचारतो?

रात्रपाळी

ठरलेली असते, आणि तशी ती असावी असं माझं ठाम मत आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन नावाच्या डॉक्टरांनी तक्रारीनुसार प्रश्नांची कार्डं तयार केली. श्वासाचा त्रास, छातीत दुखणं, पडणं, भाजणं, प्रसूती, प्रत्येकाला वेगळं कार्ड. उत्तरांवरून निकडीचा वर्ग ठरतो, अल्फापासून एकोपर्यंत. अल्फा म्हणजे घोटा मुरगळला. एको म्हणजे श्वासच नाही. एको लागला की पुढचे प्रश्न न संपवता जी गाडी सर्वांत जवळ असेल ती निघते. आज ही कार्डं संगणकात आहेत. मोगरा, तुमच्या काउंटीची पद्धत वेगळी आहे. किंग काउंटीनं १९९० मध्ये स्वतःची निकषांवर चालणारी पद्धत आणली, त्यात कॉल-टेकरला शब्दांचं थोडं जास्त स्वातंत्र्य असतं.

पण त्या ‘आत्ता’ म्हणायला लावण्याबद्दल मला खास लिहायचंय.

हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटं आचके देतो. घोरल्यासारखा, मासा तडफडावा तसा आवाज येतो. तो श्वास नव्हे. फोन करणारा मात्र जवळजवळ नेहमी ‘श्वास चालू आहे’ म्हणतो, कारण त्याला तसंच दिसतं, आणि तसंच असावं ही त्याची इच्छाही असते. इथेच माणसं दगावतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, ‘घरघर लागली’. आपल्या आज्यांना ती ऐकून कळायची. इंग्रजीत फोन करताना आपण तिचं ‘ब्रीदिंग’ करून टाकतो. म्हणून आम्ही ‘श्वास आहे का’ एवढंच विचारत नाही. ‘नेहमीसारखा आहे का’ असं विचारतो, आणि शंका आली तर दोन श्वासांतलं अंतर मोजतो.

किंग काउंटीत हा नियम दोन प्रश्नांवर आणला आहे. शुद्ध आहे का? श्वास नेहमीसारखा आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की तिसरा प्रश्न नाही, सरळ छाती दाबायला सांगायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरून सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, शिकवायला सुरुवात केली, आणि आज देशभरच्या केंद्रांत आम्ही तेच करतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल. बरगडी मोडेल म्हणून लोक हात हलका ठेवतात. मोडू दे. बाबांच्या दुखणाऱ्या बरगड्या म्हणजे तुमचे हात नीट चालले याची खूण आहे.

मोगरा_सिएटल

हे वाचून रडू आलं. बाबांनाही वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, मला घरघर कळली होती, पण तोंडून शब्द फुटला नाही.

टेकडीवरचा

बंबाचं मी सांगतो. न्यू जर्सीत आमच्या टाउनशिपच्या पथकात सहा वर्षं स्वयंसेवक ईएमटी (रुग्णवाहिकेवर प्राथमिक उपचार करणारा) आहे, आठवड्यातल्या दोन रात्री आणि सुट्टीचे दिवस.

अग्निशमन केंद्रं गावभर पसरलेली असतात, चार-पाच मिनिटांत कुठेही पोचता यावं म्हणूनच ती तशी बांधतात. पॅरामेडिकच्या गाड्या त्या मानानं थोड्या. बंबावरची माणसं बहुतेक ठिकाणी ईएमटीचं शिक्षण घेतलेली असतात, गाडीत ऑक्सिजन आणि शॉक द्यायचं यंत्र असतं. म्हणून दोघांनाही एकदम सोडतात, जो आधी पोचेल तो सुरुवात करतो. सिएटलमध्ये ही दोन थरांची व्यवस्था १९७० पासून आहे. शिवाय छाती दाबण्याचं काम दमवणारं असतं, दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. त्यामुळे दारात सहा-सात जण बघून घाबरू नका, ते सगळे लागतात.

आम्हाला दारात काय हवं असतं ते सांगतो. पोर्चचा दिवा लावा, दिवसाही. कुत्रं असेल तर खोलीत बंद करा. अपार्टमेंट असेल तर फाटकाचा कोड फोनवरच सांगा आणि कुणाला तरी लिफ्टपाशी उभं करा. औषधांच्या पिशवीसकट या, यादी शोधत बसू नका. पक्षाघाताची शंका असेल तर एक गोष्ट आम्ही विचारणारच: शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? ‘मघाशी’ नको, घड्याळातली वेळ हवी. पुढचे उपचार तिच्यावर ठरतात.

आणि हायवेवर असाल तर कुठल्या दिशेला तोंड आहे ते आणि माईल मार्कर. दुभाजकापलीकडे पोचलो तर पुढच्या एक्झिटवरून वळून यावं लागतं.

कोथरूड_ते_केरी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही दोघं मेमध्ये मुलाकडे जाणार आहोत, नॉर्थ कॅरोलायनात, वेक काउंटीत. मुलगा-सून दिवसभर कामावर. माझं इंग्रजी बेताचं, आणि घाबरले की तेही जातं. अशा वेळी फोन करून उपयोग तरी काय?

रात्रपाळी

काकू, नक्की करा. आमच्या केंद्रात आणि बहुतेक ठिकाणी दुभाष्यांची फोनसेवा असते. तुम्ही फक्त भाषेचं नाव घ्या: “मराठी.” कळलं नाही असं वाटलं तर “इंडिया, हिंदी” म्हणा. तिसरी व्यक्ती लाइनवर येते आणि दोन्हीकडचं बोलणं सांगते. त्याला थोडा वेळ लागतो, मराठीला हिंदीपेक्षा जास्त लागू शकतो. म्हणून पत्ता मात्र इंग्रजीतून पाठ करून ठेवा. तेवढा एक. आणि फोन ठेवायचा नाही. गप्प राहिलात तरी चालेल, ठेवायचा नाही.

इंग्रजी शब्द सुटे सुटे बोललात तरी पुरतं. “फादर. नो ब्रीदिंग.” यापेक्षा जास्त व्याकरण मला नको असतं.

केरीची_मैना

काकू, आम्ही केरीलाच आहोत, आल्यावर जरूर भेटू.

इथलं एक सांगते. आमचा एरिया कोड ९१९. दहा आकडी नंबर फिरवताना बोट एकदा घसरलं की ९११ लागतं. त्यात आपल्याला भारतात फोन लावायची सवय, ०११-९१. ऑफिसमध्ये बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागायचा तेव्हा तर माझ्या हातून दोनदा झालंय. दोन्ही वेळा घाबरून फोन ठेवला आणि दुसऱ्यांदा शेरीफचा माणूस चौकशीला आला.

रात्रपाळी

मैना, हे सर्वांनी लक्षात ठेवा. चुकून लागला तर ठेवू नका. “चुकून लागला, सगळं ठीक आहे” एवढं सांगा, कुणी रागावत नाही. ठेवलात तर मला उलट फोन करावा लागतो, तुम्ही उचलला नाहीत तर कुणाला तरी पाठवावं लागतं, कारण गप्प झालेल्या फोनच्या पलीकडे कुणी कुणाचा गळा धरलेला असू शकतो. तो माणूस तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या मदतीला जाऊ शकत नाही.

जुने फोन पोरांना खेळायला देतात तेही नको. सिमकार्ड नसलं, प्लॅन संपलेला असला, तरी त्यावरून ९११ लागतो, आणि उलट फोन मात्र करता येत नाही.

ऑफिसच्या ९ वरून आठवलं. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्ससातल्या मार्शल गावी एका मोटेलमध्ये एका बाईंवर हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीनं खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ फिरवला. लागला नाही, कारण आधी ९ दाबायला हवा होता. आईनं शिकवलं तसंच तिनं केलं होतं. ती बाई गेली. तिच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये कायदा झाला. आता अशा नव्या यंत्रणांवर थेट ९११ लागायलाच हवा. त्या मुलीएवढ्या वयाची माझी भाची आहे. ही गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली तेव्हा मला पुढचं काही ऐकू आलं नव्हतं.

सडेतोड

चांगला धागा आहे, पण एक बाजू राहतेय, म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनला एक गुजराती आजोबा नातवासाठी आले होते. सकाळी फुटपाथवर फिरत होते. कुणा शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की अनोळखी माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येईना, एका पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांना अंशतः पक्षाघात झाला. तो पोलीस शिक्षेविना सुटला. माझे वडील रोज असेच फिरायला जातात. मदतीचा फोन सगळ्यांसाठी सारखा नसतो.

रात्रपाळी

सडेतोड, मी याला ‘पण’ म्हणणार नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि आमच्या खुर्चीशी त्याचा थेट संबंध आहे.

नोव्हेंबर २०१४, क्लीव्हलँड. बागेत कुणीतरी पिस्तूल दाखवतोय असा फोन आला. फोन करणाऱ्यानं स्वतः सांगितलं होतं की पिस्तूल बहुधा खोटं आहे आणि मुलगा बहुधा अल्पवयीन आहे. हे दोन शब्द कॉल घेणाऱ्या व्यक्तीनं नोंदवले नाहीत, त्यामुळे ते पोलिसांपर्यंत पोचले नाहीत. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांत गोळी झाडली गेली. मुलगा १२ वर्षांचा होता. पिस्तूल खेळण्यातलं होतं. त्या कॉल-टेकरला नंतर आठ दिवसांचं निलंबन झालं.

गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी मी कमी करत नाही. पण मी जे टाइप करते तेच गाडीतल्या माणसाचं पहिलं चित्र असतं. म्हणून ‘संशयास्पद माणूस’ असा फोन आला की मी विचारते, तो नेमकं करतोय काय? चालतोय? मग चालणं हा गुन्हा नाही, आणि मी नोंदीत ‘चालतोय’ असंच लिहिते. असं विचारायचं शिक्षण सगळीकडे सारखं मिळत नाही. काही राज्यांत कडक नियम आहेत, काहींत जवळजवळ नाहीत. हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष आहे असं मला वाटतं, आणि त्यावर पुरेसा पैसा खर्च होत नाही.

आई-वडिलांच्या खिशात पत्ता आणि मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. त्यानं अन्याय थांबत नाही हे मला कळतं.

आणि घरातल्या कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर जुलै २०२२ पासून ९८८ हा वेगळा नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. हातात शस्त्र असेल किंवा इजा झालेली असेल तर मात्र ९११च.

सडेतोड

प्रामाणिक उत्तराबद्दल आभारी आहे.

विदा_विहारी

मी याच क्षेत्राच्या कडेकडेनं काम करतो, म्हणून एक भर घालतो.

९ एप्रिल २०१४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास अख्ख्या वॉशिंग्टन राज्याचा ९११ बंद पडला. सात राज्यांतली ८१ केंद्रं, सुमारे १ कोटी १० लाख लोक, सहा तासांपर्यंत. ना वादळ, ना भूकंप. कोलोरॅडोतल्या एका सर्व्हरमध्ये येणाऱ्या प्रत्येक कॉलला क्रमांक देणारा काउंटर होता आणि त्याला कमाल मर्यादा घातलेली होती. ती गाठली गेली आणि त्यानं पुढचे क्रमांक देणं बंद केलं. सहा हजार सहाशेहून जास्त फोन कुणीच उचलले नाहीत. वॉशिंग्टनमधल्या एका बाईंच्या घरात माणूस घुसला होता, त्यांनी ३७ वेळा फोन केला.

मी प्रोग्रॅमर आहे. असे काउंटर मी स्वतः लिहिलेत. ही गोष्ट माझ्या टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात सांगतो. नुसती मर्यादा वाढवून भागत नाही, ती गाठत आली की कुणाला तरी जागं करणारी सूचना हवी. तिथे सूचना होती, पण तिला कमी महत्त्वाचं ठरवलेलं होतं.

यातून घरी करण्यासारखं एक: आपल्या काउंटीच्या पोलीस आणि फायरचा दहा आकडी नंबर फोनमध्ये घालून ठेवा. ९११ बंद पडला तर काउंटी बहुधा तोच वापरायला सांगते.

१०८_साताराकर

मी इकडे महाराष्ट्रात १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो, चार वर्षं. राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली आणि आमच्या गाडीत डॉक्टर असतो, हा तिकडच्या पद्धतीपेक्षा मोठा फरक.

तुमच्या काउंटीत पत्त्याला आकडे आहेत. आमच्याकडे पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागं, सरपंचांच्या वाड्याच्या अलीकडं’. एका रात्री वाडीवर बाळंतिणीसाठी निघालो तर एकाच नावाच्या दोन वाड्या, मध्ये घाट. ड्रायव्हरनं तिच्या दिरालाच फोनवर धरून ठेवलं आणि तो टॉर्च घेऊन फाट्यावर आला. मूल गाडीत झालं, दोघंही नीट. तेव्हापासून कुणी पत्ता सांगायला लागलं की मी पहिलं म्हणतो, फाट्यावर माणूस पाठवा. रात्रपाळींनी लिहिलंय तेच, आधी ‘कुठे’.

इकडे येणाऱ्या मंडळींनी ११२ लक्षात ठेवावा, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी. रुग्णवाहिकेसाठी १०८ चालतोच.

दूरदेशी

बिलाचं कुणी बोलत नाही. आमच्या ओळखीत एका आजोबांनी छातीत दुखत असताना उबर केली, कारण ॲम्ब्युलन्सच्या बिलाची धास्ती. व्हिजिटर इन्शुरन्स होता तरी.

टेकडीवरचा

धास्ती खरी आहे. २०२२ पासून अनपेक्षित बिलांविरुद्ध केंद्राचा कायदा आहे, पण त्यात रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स येत नाही, हेलिकॉप्टरची येते. किंग काउंटीत पॅरामेडिकचा खर्च लोकांनी मतदानानं मंजूर केलेल्या करातून निघतो. इतर ठिकाणी बिल येतं, कधी जबर येतं. बिलावर घासाघीस करता येते, हप्ते मिळतात, पथकाच्या कार्यालयात जाऊन बोललं तर बऱ्याचदा मार्ग निघतो. छातीत दुखणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून सिग्नलला थांबू नका, मी हात जोडून सांगतो. उबरमध्ये हृदय बंद पडलं तर शॉक कोण देणार?

केळफूल

एक विचारू का रात्रपाळी? तुम्हाला त्रास होत नाही का या सगळ्याचा?

रात्रपाळी

होतो.

आम्हाला शेवट कळत नाही, केळफूल. बंब दारात पोचला, तिथल्या माणसानं ‘आम्ही बघतो’ म्हटलं, की लाइन बंद होते आणि पुढच्या सेकंदाला दुसरा फोन वाजतो. तो कुणाच्या तरी शेजाऱ्याच्या मोठ्या आवाजातल्या गाण्याबद्दल असतो आणि मला त्याच आवाजात “पत्ता सांगा” म्हणायचं असतं. देशभरात वर्षाला सुमारे २४ कोटी फोन येतात, त्यातले खूपसे असेच. पहिल्या वर्षी मी एका बाईंना अकरा मिनिटं मोजून दिलं, त्यांच्या बाळासाठी. त्या बाळाचं काय झालं हे मला आजपर्यंत माहीत नाही. तो पत्ता अजून पाठ आहे, त्या रस्त्यानं मी जात नाही.

सरकारी वर्गीकरणात आमची गणना वर्षानुवर्षं कारकुनांत होत आली. टेक्ससनं २०१९ मध्ये आपल्या राज्यापुरतं आम्हाला फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे संकटात सर्वांत आधी मदत करणारे, मानलं, आणखी काही राज्यांनीही. पगारापेक्षा मला त्याचा अर्थ मोठा वाटतो. मानलं तर समुपदेशन मिळतं, नोंद होते की या कामानं माणूस जखमी होतो. बहुतेक केंद्रांत माणसं कमी आहेत, सोळा-सोळा तासांच्या पाळ्या होतात.

मोगरा, एक विनंती. तुमच्या काउंटीच्या त्या केंद्राला पत्र लिहा. तारीख आणि वेळ घाला, त्या कॉल-टेकरपर्यंत ते पोचवतात. दोन ओळी पुरे: माणूस जिवंत आहे.

मोगरा_सिएटल

आजच लिहिते. खरं तर बाबांनाच लिहायला बसवलंय. मराठीत लिहिताहेत, खाली मी इंग्रजी करून देणार.

मी आणि नवऱ्यानं पुढच्या शनिवारी फायर स्टेशनवरच्या सीपीआरच्या वर्गात नाव घातलंय. आईही येणार म्हणाल्या.

टेकडीवरचा

उत्तम. वर्ग झाला की तुमच्या भागात पल्सपॉइंट ॲप चालतं का बघा. कॅलिफोर्नियात सॅन रॅमोन व्हॅलीच्या अग्निशमन दलानं सुरू केलेलं आहे. जवळच्या सार्वजनिक जागी कुणाचं हृदय बंद पडलं की सीपीआर येणाऱ्यांच्या फोनवर सूचना येते आणि शॉकचं यंत्र कुठे टांगलंय तेही दिसतं.

कोथरूड_ते_केरी

मंडळी, दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. मुलाकडून पत्ता मागवून मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून घेतलाय. तिकडे गेल्यावर फ्रिजवर लावणार, एक ह्यांच्या खिशात. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही दोघं एकदा म्हणून बघतो. रात्रपाळी, एक सांग बाई. घराचा आकडा १४०६ आहे. मुलगा ‘फोर्टीन ओ सिक्स’ म्हणतो, माझ्या तोंडात ते बसत नाही. ‘वन फोर झीरो सिक्स’ म्हटलं तर चालेल का?

रात्रपाळी

चालेल काकू, उलट तेच बरं. सुटे आकडे, सावकाश. ‘फोर्टीन’ आणि ‘फोर्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. मग रस्त्याचं नाव, मग गावाचं. मी दोनदा विचारीन, दोन्ही वेळा तसंच सांगा.